पैसे बुरुजाचे, मुक्काम पागेत : स्कॉटलंडच्या कॅसल हॉटेलातला अनुभव

तळ्याकाठची

हॉटेलचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समध्ये, आत घुसलेल्या एका खाडीच्या काठावर आहे, एवढं पुरे.

आई-बाबा ठाण्याहून आमच्याकडे लीड्सला आले होते. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ठरवलं की या वेळी फ्लॅट भाड्याने घेऊन पोळ्या लाटत बसायचं नाही, जरा हात सैल सोडून कॅसलमध्ये राहायचं. खरा उत्साह बाबांचा. रेल्वेतली नोकरी सांभाळून त्यांनी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड इतक्या वेळा केलेत की आईच्या मते त्यांचं पहिलं लग्न सह्याद्रीशीच झालंय. निघायच्या आधी रोज रात्री ते हॉटेलच्या साइटवरचे फोटो मोठे करकरून बघायचे. बुरूज, त्यावरची निमुळती टोपी, दगडी गोल जिना, खिडकीतला बसायचा कट्टा, चार खांबांचा पलंग. पहिल्याच ओळीत 'सोळाव्या शतकातला किल्ला'. एका खोलीचं रात्रीचं भाडं ३०० पौंडांच्या आसपास, त्यात रात्रीचं जेवण धरलेलं. आम्ही दोन खोल्या घेतल्या, थेट त्यांच्याच साइटवरून.

पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने हसून सांगितलं, "तुमच्या खोल्या कोच हाउसमध्ये आहेत." म्हणजे मुख्य इमारतीतून बाहेर पडायचं, खडी टाकलेलं आवार ओलांडायचं, पार्किंगला वळसा घालायचा आणि मागे जायचं. तिथे पूर्वी घोडे आणि बग्ग्या असायच्या. आता तिथे नवीकोरी दुमजली रांग आहे. खोली स्वच्छ होती, कार्पेट नवं होतं, भिंतीवर हरणाचं चित्र होतं. मोटारवेला लागून असलेल्या कुठल्याही हॉटेलात कितीतरी कमी किमतीला मिळाली असती अशी खोली. खिडकीतून कचऱ्याचे मोठे डबे दिसत होते. बाथरूमच्या खिडकीतून मान तिरकी केली की बुरुजाचं टोक दिसतं हा शोध बाबांनी लावला.

म्हटलं जाऊ दे, खोलीत काय फक्त झोपायचंच. मोठ्या हॉलमध्ये शेकोटीपाशी बसू. तर हॉल लग्नाला दिलेला. लायब्ररीत नवरीच्या मैत्रिणी तयार होत होत्या. गोल जिन्याला मखमली दोर बांधून पाटी लावलेली. आम्हाला बारमागच्या काचेच्या खोलीत बसवलं. तिथून भिंतीपलीकडचा नाच आणि अकॉर्डियन मध्यरात्रीपर्यंत ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. बुकिंग करताना लग्नाचा उल्लेख कुठेही नव्हता.

रोज संध्याकाळी वास्तूची माहिती देत फिरवतात असं साइटवर होतं. रद्द. कारण लग्न. बाबांनी रिसेप्शनवर विचारलं की हा किल्ला बांधला कुणी. ती बिचारी नुकतीच कामाला लागलेली, तिने शोधून शोधून एक पत्रक दिलं. ते मसाजच्या दरांचं निघालं.

रात्री दहाला हीटिंग बंद. एप्रिलअखेर होता, बाहेर तापमान चार-पाच अंश. मागितल्यावर एक विजेचा हीटर मिळाला, दुसऱ्या खोलीसाठी शिल्लक नव्हता. शाकाहारी जेवण म्हणजे पहिल्या रात्री मशरूमचा रिसोटो (इटालियन पद्धतीचा मऊ भात) आणि दुसऱ्या रात्री मशरूम नसलेला रिसोटो.

नळाचं पाणी तपकिरी होतं, त्याची तक्रार नाही. डोंगरातल्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या थरांतून झिरपलेलं पाणी तसंच असतं हे माहीत होतं. आईसुद्धा म्हणाली की आपल्याकडे पावसाळ्यात याहून गढूळ येतं. नाश्त्याची पॉरिज आणि बटाट्याचे ते चपटे स्कोन उत्तम. माणसं गोड.

पण काहीही विचारा, उत्तर एकच : "इमारत जुनी आहे ना." खोली मागे का? इमारत जुनी आहे. गार का पडलंय? इमारत जुनी आहे. मला हे पटत नाही. जुन्या वास्तूत राहताना काय चालवून घ्यायचं आणि कुठे भांडायचं, याबद्दल तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद : बोरंबाब

'मशरूम नसलेला रिसोटो' 😂
वाचतोय.

प्रतिसाद : घाटवाट

थोडं कडू बोलतो. बुकिंग करताना खोलीचा प्रकार वाचला होता का? या हॉटेलांत बुरुजातल्या खोल्या असतात मोजून सहा-आठ, बाकी सगळं 'इस्टेट'वर. ३०० पौंडांत बुरूज मिळत नाही, त्याला ५००-६०० मोजावे लागतात. आणि लग्नाचं म्हणाल तर त्यांनी धंदा करू नये का? आपल्याकडे मंगल कार्यालयाशेजारी घर असलेला माणूस असं रडत नाही.

प्रतिसाद : तळ्याकाठची

घाटवाट, वाचलं होतं. खोलीचं नाव होतं 'क्लासिक डबल'. त्या नावाखाली जे फोटो होते त्यात दगडी भिंत आणि खोल कोनाड्यातली खिडकी होती. 'कोच हाउस' हा शब्द ना बुकिंगच्या पानावर, ना आलेल्या ईमेलमध्ये. घरी आल्यावर शोधला तेव्हा 'आमचा परिसर' नावाच्या पानावर, तळाशी, हेलिकॉप्टर उतरवायच्या जागेच्या माहितीनंतर सापडला. तिथपर्यंत कोण जातं?

लग्न करू नका असं म्हणतच नाहीये. त्या दिवशी हॉल, लायब्ररी, जिना सगळं बंद असणार हे पैसे घेण्याआधी सांगा, एवढंच. मग आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो असतो.

प्रतिसाद : चुनखडी

एडिंबरामध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ते सोळावं शतक. अशा बहुतेक ठिकाणी मधोमध एक जुना टॉवर हाउस असतो, म्हणजे जाड भिंतींचं उंच, चौकोनी घर. खाली दगडी कमानीचं तळघर, वर एकावर एक खोल्या. तो खरंच पंधराव्या-सोळाव्या शतकातला असू शकतो. पण फोटोत जे 'कॅसल' म्हणून दिसतं, ते टोपीवाले बुरूज, नक्षीदार कंगोरे, मोठा हॉल, त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकात जोडलेलं असतं. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने स्कॉटलंडचं वेड पसरलं होतं. १८५२मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने बालमोरल विकत घेतलं आणि तिथे नवा कॅसल उभा केला. मग गिरणीमालक, बँकवाले, दारूच्या भट्ट्यांचे मालक सगळ्यांनाच उत्तरेत हरणं आणि ग्राउस पक्षी मारायला एकेक कॅसल हवा झाला. रेल्वेही तोवर येऊ लागली होती. या शैलीला स्कॉटिश बॅरोनियल म्हणतात. तिच्यातल्या जंग्या आणि बुरूज शोभेचे. त्यातून कुणी कधी बंदूक रोखलेली नाही.

तुझ्या बाबांना एक गंमत सांग. बालमोरलची कोनशिला बसली १८५३च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. म्हणजे यांचे 'प्राचीन' किल्ले बरेचदा ठाणे स्टेशनच्या वयाचे किंवा त्याहून तरुण.

आता 'इमारत जुनी आहे ना'. स्कॉटलंडमध्ये संरक्षित इमारतींचे ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. तिच्या रूपात फरक पडेल असं काहीही करायचं तर कौन्सिलची वेगळी परवानगी लागते. त्यामुळे जुन्या खिडक्या काढून सरळ दुहेरी काचा बसवणं अवघड, हे खरं. पण आतल्या बाजूने काचेची दुसरी झडप बसवणं, फटी बुजवणं, मूळ लाकडी झडपा दुरुस्त करून रात्री लावणं, जाड पडदे, यांतल्या बहुतेक गोष्टींना सहसा कुणी आडकाठी करत नाही. पैसे आणि इच्छा लागते. लिफ्टचं मात्र मी त्यांच्या बाजूने बोलेन. टॉवरचा जिना भिंतीच्या जाडीत वळत जातो आणि मजल्याखाली दगडी कमान असते. ती फोडून लिफ्ट घालू देत नाहीत आणि घालूही नये.

पण मुद्दा असा आहे की तुम्ही टॉवरमध्ये नव्हताच! पागेच्या जागी नवीकोरी रांग आहे असं तूच लिहिलंयस. म्हणजे छताला, भिंतींना, खिडक्यांना आजच्या नियमांप्रमाणे काहीतरी झालेलं असणार. तिथे रात्री दहाला कुडकुडायला होत असेल तर दोष सोळाव्या शतकाचा नाही, टायमरचा आहे. हायलँड्सच्या आडबाजूला गॅसची पाइपलाइन पोचत नाही, बॉयलर तेलावर नाहीतर टाकीतल्या गॅसवर चालतात आणि ते महाग पडतं. तुम्ही ऐकलं ते वाक्य खरं म्हणजे तेलाच्या बिलाचं आहे.

प्रतिसाद : अबोली

चुनखडी, मस्त माहिती. एक शंका. आम्ही वेल्समध्ये अशाच एका ठिकाणी राहिलो होतो. खोलीत कुबट ओल्या कपड्यांचा वास येत होता आणि नवऱ्याचा दमा उसळला. तिथेही हेच ऐकलं, की दगडी भिंती जुन्या आहेत, त्यांना ओल येणारच. असं असतं का?

प्रतिसाद : चुनखडी

ओल येणारच, हे अर्धसत्य. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. पाऊस थोडा आत शिरतो आणि चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा वाळून जातो. विसाव्या शतकात लोकांनी 'मजबुती'साठी त्या सांध्यांत सिमेंट भरलं, आतून प्लास्टिकचा रंग फासला. मग आत गेलेलं पाणी आतच. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून जे वाटोळं केलं तेच इथे. दुसरं कारण त्याहून साधं, तुंबलेली पन्हाळी. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस धो धो आणि छतावर चढून पानं काढायला माणूस नाही. अशा ओल घेऊन बसलेल्या खोलीला 'हेरिटेज' म्हणणं म्हणजे त्या शब्दाची नालस्ती आहे, आणि दमेकऱ्याने तिथे झोपूच नये.

प्रतिसाद : रात्रपाळी

स्टर्लिंगला शिकत असताना दोन उन्हाळे अशाच एका कॅसल हॉटेलात (तळ्याकाठचीचं नव्हे) रात्री रिसेप्शनवर होतो. पडद्यामागचं सांगतो.

हॉटेल खोल्यांवर चालत नाही, लग्नांवर चालतं. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणीच्या लग्नाला जागेची मान्यता लागते. स्कॉटलंडमध्ये मान्यता लग्न लावणाऱ्याला असते, त्यामुळे लग्न कुठेही लागतं. खाडीकाठी, बुरुजावर, हवं तिथे. म्हणून सगळ्या इंग्लंडमधून वऱ्हाडं येतात. लग्नाची तारीख वर्ष-दोन वर्षं आधी ठरलेली असते, म्हणजे तुम्ही बुकिंग करता तेव्हा हॉटेलला पक्कं माहीत असतं की त्या दिवशी हॉल नाही. बुरुजातल्या खोल्याही वऱ्हाडाकडे गेलेल्या असतात. उरलेल्या मागच्या खोल्या साइटवर विकायला ठेवतात, फोटो मात्र पुढचे. आम्हाला शिकवलं होतं की पाहुणा आल्यावर 'कोच हाउस' हा शब्द आनंदाने उच्चारायचा. 'तुम्हाला खास शांत बाजूला ठेवलंय,' असं म्हणायचं. मी म्हटलंय हे अनेकदा.

त्या मुलीवर रागावू नका. तिथला बहुतेक कर्मचारीवर्ग हंगामी, आवारातल्याच खोल्यांत राहणारा. मे ते ऑक्टोबर राबायचं आणि निघून जायचं. इतिहास सांगणारा म्हातारा माळी किंवा शिकाऱ्यांना वाट दाखवणारा गिली निवृत्त झाला की त्याच्याबरोबर सगळ्या गोष्टी जातात. साइटवरची ओळ मात्र तशीच राहते.

रिसोटोचं रहस्य : अशा स्वयंपाकघरात संध्याकाळी दोन-तीन माणसं. त्यांच्यावर शंभर पानांचं लग्न आणि बाकीचे पाहुणे. आधी कळवलं तर शेफ खरंच काहीतरी करतो. आमच्याकडचा शाकाहारी हॅगिस (मूळ स्कॉटिश पदार्थ मांसाचा) मी अजून विसरलेलो नाही, ओट, डाळी आणि मिरपूड घातलेला. तुमच्या आईंना आवडला असता.

प्रतिसाद : घाटवाट

रात्रपाळी, म्हणजे हॉटेलला आधीपासून माहीत असतं. मग तळ्याकाठचीचा मुद्दा बरोबर आहे. बाकी कोच हाउसच्या खोल्या वाईट नसतात, गुडघे दुखणाऱ्यांना उलट बऱ्याच. पण सांगून द्या.

प्रतिसाद : वाळूचं_घर

आपल्याकडे काही वेगळं नाही हो. राजस्थानात शेखावाटीतल्या एका गढीत राहिलो होतो. भिंतीवर चित्रं अप्रतिम, आणि त्या चित्रांच्या बरोब्बर मधोमध ड्रिल मारून एसी बसवलेला. जनरेटर खिडकीखाली. संध्याकाळी 'राजेशाही स्वागत' म्हणजे एका वयस्कर गृहस्थाला फेटा बांधून उन्हात उभं केलेलं, मला तर लाजच वाटली.

आपल्या पर्यटन मंत्रालयाचा नियम असा की हेरिटेज हॉटेल म्हणवून घ्यायला वास्तू १९५०च्या आधीची हवी. म्हणजे १९४८ सालचा बंगलाही बसतो. संस्थानिकांची मजबुरीही समजते. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७मध्येच हॉटेल झाला, उदयपूरचा लेक पॅलेस साठच्या दशकात. १९७१मध्ये तनखे बंद झाल्यावर तर कित्येकांना छप्पर गळतंय ते दुरुस्त करायला दुसरा मार्गच उरला नाही. सगळीच वाईट नाहीत. नीमराणा १४६४ सालचा, पडझड झालेला किल्ला होता, तो उभा करून १९९१मध्ये हॉटेल सुरू झालं. नसतं झालं तर आज तिथे दगड मोजायला लागले असते.

प्रतिसाद : बोरंबाब

कुणीतरी २०१९ काढणार म्हणून वाट बघत होतो, कुणी काढेना म्हणून मीच काढतो. आपल्या राज्यात २५ किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाड्याने द्यायची बातमी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मग मंत्र्यांनी खुलासा केला की शिवरायांशी संबंधित, संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही. राजगडावर डीजे आणि वरात, कल्पना करा.

प्रतिसाद : घाटवाट

राजगडावर नकोच, त्यात वाद नाही. पण ज्या गढ्यांवर आज बाभळी उगवल्यात आणि गावकरी दगड नेऊन गोठे बांधतात, त्यांचं काय? सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यानेच थोड्या खोल्यांचं हॉटेल केलंय, गंजिफाची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची) कला जपत. त्याला कुणी नाव ठेवलं नाही.

प्रतिसाद : बोरंबाब

राजवाडा आणि किल्ला यात फरक आहे. राजवाडा म्हणजे कुणाचं तरी राहतं घर. गडावर माणसं लढून मेलीत, तिथे मी वेलकम ड्रिंक घेणार नाही. स्कॉटलंडचे हे शिकारीचे बंगले हॉटेल झाले तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण चुनखडी म्हणाल्या तसे ते मुळात मौजेसाठीच बांधलेत.

प्रतिसाद : संपादक

२०१९च्या निर्णयावर जुना धागा आहे, सविस्तर चर्चा तिथे करावी. इथे मुक्कामाचे अनुभव येऊ द्या.

प्रतिसाद : द्राक्षमळा

जर्मनीहून. ऱ्हाईनकाठी बाखाराख गावाच्या वर श्टालेक नावाचा किल्ला आहे. बाराव्या शतकातला, १६८९मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला, विसाव्या शतकात पुन्हा उभारला आणि आता तिथे चक्क यूथ हॉस्टेल आहे. लोखंडी दुमजली पलंग, भरपूर पायऱ्या चढून जायचं, शाळेच्या सहलींचा आरडाओरडा. पण अंगणातून खाली नदी आणि द्राक्षमळे दिसतात आणि भाडं ऐकून विश्वास बसत नाही. 'शाही' म्हणून कुणी काही विकत नाही, त्यामुळे रागही येत नाही.

स्पेनमधली पॅराडोर हॉटेलंही बघा. सरकारी कंपनी आहे, १९२८पासून. सिगुएन्झा, कार्दोना, अलार्कोन इथे खऱ्या मध्ययुगीन किल्ल्यांत राहता येतं. हाएनचं पॅराडोर डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या शेजारी आहे, आत दगडी कमानी, उंच दिवाणखाना. वाटतं अरबांच्या काळातलं, पण बांधलंय १९६०च्या दशकात. खोटं मध्ययुग का असेना, हवेशीर आणि उबदार आहे!

प्रतिसाद : कलम_बिलम

पेशाने वकील, ब्रिटनमध्ये. सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून घ्या.

२०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यावसायिकाने सेवेबद्दल जे लिहिलं किंवा सांगितलं आणि त्यावर विसंबून तुम्ही पैसे दिले, ते कराराचा भाग धरलं जातं. 'रोज संध्याकाळी वास्तूची माहिती' लिहिलं आणि ती दिली नाही, तर भाड्यात सूट मागता येते. खोलीचे फोटो हा तर आणखी मजबूत मुद्दा. बुकिंगच्या वेळचे स्क्रीनशॉट असतील तर उत्तम. नसतील तर आजच घ्या, साइट बदलायच्या आत.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील आणि रक्कम १०० पौंडांच्या वर, ३०,००० पर्यंत असेल, तर १९७४च्या क्रेडिट कायद्याच्या ७५व्या कलमाखाली कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. थेट हॉटेलकडून बुकिंग केलंत हे बरं झालं, मध्ये तिसरी साइट असती तर इथेच फाटे फुटतात. हॉटेलशी थेट भांडायची वेळ आली तर स्कॉटलंडमध्ये ५,००० पौंडांपर्यंतच्या दाव्यांना 'सिंपल प्रोसिजर' आहे, वकील लागत नाही (माझं नुकसान).

मागणी मात्र नेमकी करा. 'आमचा मूड गेला' याला भाव नाही. 'बुरुजातली खोली आणि कोच हाउसमधली खोली यांच्या भाड्यातला फरक इतका, न झालेल्या फेरफटक्याचे आणि न दिलेल्या हॉलचे इतके' असं लिहा.

प्रतिसाद : तळ्याकाठची

कलम_बिलम, खूप आभार. क्रेडिट कार्डच होतं. स्क्रीनशॉट बाबांच्या टॅबमध्ये निघाले. फोटो मोठे करून जपून ठेवायची त्यांची सवय कामी आली.

चुनखडी, ठाणे स्टेशनचं बाबांना वाचून दाखवलं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात की इंग्रजांचे किल्ले आमच्या स्टेशनपेक्षा लहान आहेत. स्कॉटिश आणि इंग्रज वेगळे, हे सांगून मी दमले.

एक राहिलं होतं. परत येताना बाबांचा चेहरा बघवेना म्हणून वाटेत स्टर्लिंगला थांबलो. साध्या बी-अँड-बीमध्ये (खोली आणि नाश्ता देणाऱ्या घरगुती जागेत) उतरलो, कॅसल दिवसा बघितला. बाबा बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेर येईनात. तटबंदी, दरवाजे, तोफांच्या जागा, चढाची वाट कुठून आणि शत्रू कुठून येणार, हे सगळं त्यांनी आईला नेहमीप्रमाणे समजावलं आणि आईने नेहमीप्रमाणे ऐकल्यासारखं केलं. तो मोठा हॉल बाहेरून पिवळाजर्द का आहे गं?

प्रतिसाद : चुनखडी

तो चुन्याचा रंगीत गिलावा आहे. स्कॉटलंडचा राजा चौथ्या जेम्सने १५०० सालच्या आसपास हॉल बांधला तेव्हा तो असाच होता असं मानून, बराकीसाठी आत घातलेले मजले काढून, १९९९मध्ये मूळ रूपात आणला. गावकरी सुरुवातीला वैतागले होते, त्यांना काळपट दगडच 'जुना' वाटायचा. बाबांना सांग, उघड्या दगडाचे सगळेच किल्ले पूर्वी तसे नव्हते, बऱ्याच ठिकाणी वरचा गिलावा गळून गेलाय.

प्रतिसाद : अबोली

वर्षअखेरीस सासू-सासऱ्यांना घेऊन जायचा विचार आहे. धागा वाचून पोटात गोळा आला, पण हौसही आहे. काय काय विचारून घेऊ?

प्रतिसाद : रात्रपाळी

ईमेल करा, फोन नको, म्हणजे उत्तर लेखी राहतं. खोलीचा नुसता प्रकार विचारू नका, नंबर किंवा नाव मागा आणि ती मुख्य इमारतीत आहे का, कितव्या मजल्यावर, किती पायऱ्या, हे विचारा. त्या तारखांना लग्न किंवा खाजगी समारंभ आहे का आणि कुठल्या खोल्या बंद राहतील ते विचारा. टाळाटाळ झाली तर लग्न आहे असं समजा. रात्री हीटिंग किती वाजता बंद होतं हेही विचारा, या प्रश्नाने ते चपापतात. जेवणाचं आठवडाभर आधी कळवा, आणि 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहून थांबू नका, रिसोटो नको असं स्पष्ट लिहा. रविवार ते गुरुवार गेलात तर लग्न नसण्याची शक्यता जास्त आणि भाडंही कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही हॉटेलं बंदच असतात, ते आधी बघा.

प्रतिसाद : तळ्याकाठची

ताजी खबर. हॉटेलने आधी 'पुढच्या मुक्कामावर २० टक्के सवलत' पाठवली होती, ती नाकारली. कलम_बिलम यांनी सांगितलं तसा हिशोब मांडून पाठवला, सोबत बाबांचे स्क्रीनशॉट आणि कार्ड कंपनीकडे जाणार असल्याची एक ओळ. काल दोन्ही खोल्यांचं एकेका रात्रीचं भाडं परत आलं. पत्रात शेवटी लिहिलंय की वास्तू ऐतिहासिक असल्यामुळे काही मर्यादा असतात.

प्रतिसाद : बोरंबाब

म्हणजे इमारत अजूनही जुनीच आहे.
अभिनंदन! त्या पैशांत बाबांना श्टालेकला न्या.

प्रतिसाद : द्राक्षमळा

आणणार असाल तर कळवा. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंतचा चढ उभा आहे, सामान गावातच ठेवता येईल का ते विचारून ठेवतो.